ऑस्टेरिटी इंजिनाची दहा-वर्षीय दुरुस्ती: बॉयलरच्या कामाच्या नोंदी, २०२३ ते २०२५

७ जानेवारी २०२३, शनिवार

आमच्या इंजिनाच्या बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत डिसेंबरअखेर संपली, म्हणून आज त्याची चाके शेडमधल्या दोन नंबरच्या रुळावर लाकडी पाचर ठोकून अडवली आणि सुटे करण्याचे काम सुरू केले. ब्रिटनमधील जतन केलेल्या रेल्वेमार्गांवर बॉयलर साधारणपणे दहा वर्षांतून एकदा चासीवरून उतरवून, आतल्या नळ्या काढून, पत्रा न् पत्रा तपासला जातो; मधल्या काळात विमा कंपनीचा निरीक्षक दरवर्षी येऊन थंड बॉयलर आणि वाफेवरचा बॉयलर असा दोनदा पाहतो. यॉर्कशायरमधल्या आमच्या या लहानशा लाइनीवर पगारी माणसे मोजकीच आहेत. बाकी आम्ही सगळे शनिवार-बुधवारचे स्वयंसेवक असल्यामुळे मोठ्या कारखान्यात काही महिन्यांत संपणारे काम आमच्याकडे दोन वर्षे चालणार, हे धरूनच चालावे लागते.

इंजिन ‘ऑस्टेरिटी’ वर्गाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश युद्धखात्याला यार्डात आणि बंदरात डबे ओढण्यासाठी साधे, दणकट आणि लवकर बांधून होणारे इंजिन हवे होते. लीड्सच्या हन्स्लेट कंपनीने आपल्या जुन्या नमुन्यावरून ते आखले आणि पहिले इंजिन १९४३ मध्ये बाहेर पडले. १९४७ पर्यंत हन्स्लेट व इतर कारखान्यांनी मिळून अशी ३७७ इंजिने युद्धखात्याला दिली. सहा चाके, ४ फूट ३ इंच व्यासाची. चासीच्या आत १८ इंच व्यासाचे दोन सिलिंडर. वाफेचा दाब दर चौरस इंचाला १७० पौंड. कोळसा-पाण्यासह वजन सुमारे ४८ टन. आमचे इंजिन १९४५ चे असून युद्धानंतर त्याची उमर कोळशाच्या खाणीवर गेली.

या वेळी नोंदवही मी लिहायची असे ठरले आहे. मराठीत लिहिलेली ही माझी प्रत. शेडमधली इंग्रजी प्रत वेगळी आहे आणि ती बरीच कोरडी आहे.

४ फेब्रुवारी २०२३, शनिवार

आज पाण्याची टाकी उतरवली. या इंजिनाला मागे वेगळा टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, नाही. पाणी बॉयलरच्या पाठीवर दोन्ही बाजूंना ओघळलेल्या टाकीत राहते, आणि तिला इथले लोक ज्या शब्दाने ओळखतात त्याचा सरळ मराठी अर्थ खोगीर असा आहे. टाकीत १२०० गॅलन पाणी मावते. ती रिकामी करून, क्रेनच्या चार साखळ्यांवर तोलून, इंच इंच वर घेताना दीड तास गेला, कारण तिचे जुने बोल्ट निम्मे फिरून अडकले होते.

जुन्या बोल्टांविषयी एक बाब इथेच लिहून ठेवतो. या इंजिनावरचे आटे व्हिटवर्थ मापाचे आहेत, आणि व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या डोक्याचा नसून दांड्याच्या व्यासाचा असतो. अर्धा इंच लिहिलेला पाना हातात घेतला की त्याचे तोंड अर्ध्या इंचाहून बरेच मोठे दिसते आणि नवखा माणूस तो परत ठेवून देतो. मीही पहिल्या वर्षी तेच केले होते. आज आमच्या एकोणीस वर्षांच्या शिकाऊ मुलीने पाना परत ठेवला, तेव्हा मला हसायचा अधिकार नव्हता.

टाकी वर गेल्यावर तिच्याखालचे उष्णतारोधक आवरण दिसले आणि ते ओले होते. टाकीच्या तळाला दोन ठिकाणी सुईएवढी भोके पडली आहेत. त्यांतून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी लोकरीसारख्या भरणात मुरले आणि बॉयलरच्या पाठीला चिकटून बसले. भरणाला नावे ठेवण्यासाठी मराठीत जो खोगीरभरती हा शब्द आहे, तो इतका शब्दशः समोर पडलेला मी प्रथमच पाहिला. खालच्या पत्र्यावर गंजाचे खड्डे आहेत. खोली मोजल्याशिवाय त्यावर मत देणार नाही. (जुने ॲस्बेस्टॉसचे आवरण फार पूर्वी परवानाधारक लोकांकडून काढून घेतल्याचा कागद फाइलीत आहे. भरणाला हात लावण्यापूर्वी तो शोधून वाचला.)

११ मार्च २०२३, शनिवार

बॉयलर चासीवरून उतरवला, लाकडी ओंडक्यांवर ठेवला आणि सगळ्या नळ्या काढल्या. नळ्यांवर पांढरट कवच नखाएवढ्या जाडीचे होते; खालच्या बाजूला पायाच्या कड्याभोवती चार बादल्या गाळ निघाला. वाफेच्या इंजिनात पाण्यातले क्षार कुठेही जात नाहीत, ते तिथेच साठतात, आणि बॉयलर वेळेवर धुतला नाही तर तांब्याच्या पत्र्यावर बसून उष्णता अडवतात.

अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजली. टाकीखालचे खड्डे दोन मिलिमीटरच्या आतले निघाले, म्हणजे वेल्डिंगने भरता येतील. फायरबॉक्सची, म्हणजे कोळसा जळतो त्या भट्टीच्या पेटीची, गोष्ट निराळी आहे. आतला फायरबॉक्स तांब्याचा, बाहेरचा पोलादाचा, मध्ये पाणी. विस्तवाच्या जाळीच्या जरा वर, जिथे कोळशाचा थर सतत घासतो, तिथे डाव्या बाजूचे तांबे एका वीतभर पट्ट्यात बरेच झिजलेले आहे. पत्र्यावर खडूने चौकटी आखून दर चौकटीतला आकडा तिथेच लिहिला आणि मग वहीत उतरवला. आकडे आधी पत्र्यावर आणि मग वहीत, हा क्रम आमच्या बॉयलरमेकरांचा आहे, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कागद हरवतो, पत्रा हरवत नाही.

२९ एप्रिल २०२३, शनिवार

आजचा दिवस स्टे वाजवून पाहण्यात गेला.

आतला आणि बाहेरचा फायरबॉक्स एकमेकांपासून दूर ढकलले जाऊ नयेत म्हणून त्यांना आरपार शिवणाऱ्या शेकडो आखूड सळ्या असतात. त्यांना स्टे म्हणतात. १७० पौंडांचा दाब दर चौरस इंचावर पडतो, म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर एका टनाच्या आसपास जोर येतो, आणि तो सगळा या सळ्या धरून ठेवतात. इंजिन पेटवले की आतले तांबे बाहेरच्या पोलादापेक्षा जास्त तापते आणि तसेही तांबे पोलादापेक्षा जास्त फुगते. दोन्ही पेट्या खाली पायाच्या कड्याला पक्क्या बांधलेल्या असल्यामुळे आतली पेटी वरच्या दिशेने वाढते. सर्वांत वरच्या ओळींतले स्टे त्यामुळे दर पेटवणीला थोडे वाकतात, विझवले की पुन्हा सरळ होतात, आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसे एक दिवस तुटतात. तुटतात तेही बहुधा बाहेरच्या पत्र्याला लागून, म्हणजे आतून पाहणाऱ्याला काही दिसत नाही.

दिसत नाही, पण ऐकू येते. आमचे बॉयलरमेकर सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. ते भट्टीच्या दारातून आत शिरले, पालथ्या बादलीवर बसले आणि लहान हातोडीने एकेक स्टे वाजवू लागले. बाहेरून मी दुसऱ्या टोकावर बोट टेकवून बसलो होतो. चांगला स्टे खणखणीत वाजतो आणि बोटाला टोचल्यासारखा धक्का देतो. तुटलेला बद्द वाजतो आणि बोटाला काहीच कळत नाही. उन्हाळ्यात माठ घेताना टिचकी मारून पाहायला माझ्या आजीने शिकवले होते, ते ज्ञान इथे थेट उपयोगी पडले. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी माठ म्हणजे काय, तो पाझरतो का आणि पाझरत असेल तर घेता कशाला, असे तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचे उत्तर त्यांना पटले नाही.

डावीकडे १७ आणि उजवीकडे ९ स्टे तुटलेले सापडले. सगळे वरच्या तीन ओळींत. शंकास्पद आणखी वीसेक आहेत.

२४ जून २०२३, शनिवार

ही नोंद थोडी रागाने लिहीत आहे आणि ती तशीच ठेवणार आहे.

मागच्या मोठ्या दुरुस्तीच्या वहीत स्टेंविषयी एकच ओळ आहे: ‘वरच्या ओळींतील स्टे गरजेप्रमाणे बदलले.’ किती, कोणते, कोणत्या मापाचे, काही नाही. जुना स्टे काढताना भोकातले आटे खराब होतात, म्हणून भोक किंचित मोठे करून नवे आटे पाडावे लागतात आणि नवा स्टे एक माप जाड बसवावा लागतो. दर बदलाला माप वाढत जाते. एका मर्यादेपलीकडे भोक मोठे करता येत नाही, कारण दोन भोकांमधले तांबे पुरेसे उरत नाही. म्हणजे प्रत्येक भोकाचा स्वतःचा इतिहास असतो, आणि तो लिहिलेला नसेल तर स्टे काढूनच वाचावा लागतो.

आम्ही त्या एका ओळीवर विसंबून सगळे स्टे एकाच मापाचे कातून आणले. आज पहिले बारा काढले तर भोके तीन निरनिराळ्या मापांची निघाली. त्यांतली चार आधीच इतकी मोठी झालेली आहेत की त्यांना तांब्याचे बुश, म्हणजे आतून बसणारे कडे, घालून पुन्हा लहान करावे लागेल. आणलेल्या मालातला निम्मा आता जाड भोकांना निरुपयोगी आहे आणि नवा माल येईपर्यंत उन्हाळा संपेल. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांनी काम उत्तम केले होते, यात शंका नाही. त्यांचे स्टे दहा वर्षे टिकले. फक्त ते काय केले हे त्यांच्या डोक्यात राहिले आणि त्यांतले दोघे आता हयात नाहीत.

मोठ्या कागदावर फायरबॉक्सच्या चारही बाजूंचा नकाशा काढायला घेतला आहे. प्रत्येक स्टेला ओळीचे अक्षर आणि क्रमांक. समोर भोकाचे माप, स्टे जुना की नवा, वाजवल्यावर आवाज कसा, आणि बसवणाऱ्याची आद्याक्षरे.

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार

नवा माल आला आणि आटे पाडायला सुरुवात झाली. हे काम दिसते तेवढे सोपे नाही. स्टेवरचे आटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतात, म्हणून बाहेरच्या पोलादी पत्र्यातले आणि आतल्या तांब्याच्या पत्र्यातले आटे एकाच मळसूत्रात, एकमेकांशी जुळलेले असावे लागतात. दोन्ही पत्रे वेगवेगळे कापले तर स्टे पहिल्यातून जातो आणि दुसऱ्यात अर्ध्या आट्याने चुकतो. त्यासाठी टॅप हे आटे पाडायचे हातभर लांबीचे हत्यार बाहेरून घालून दोन्ही पत्रे एका दमात कापतात. पोलाद कुरकुरत कापले जाते. मधल्या पाण्याच्या जागेत टॅप मोकळा फिरतो. मग तांबे लागते आणि हाताला एकदम चिकटपणा जाणवतो. तिथे घाई केली की तांबे फाटते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल, पुन्हा अर्धा फेरा.

स्टे बसल्यावर दोन्ही टोके थोडी बाहेर राहतात, ती घणाने ठोकून चपटी करतात. एक माणूस आत ठोकतो, दुसरा बाहेर जड लोखंडी ठोकळा धरून उभा राहतो. ठोकळा किंचित सुटला तरी सगळी ठोक आट्यांवर जाते. आज दिवसभरात दोघांनी मिळून सहा स्टे पुरे केले, आणि सहाव्यानंतर माझा उजवा हात चहाचा कप धरायला तयार नव्हता.

तांब्याच्या झिजलेल्या पट्ट्याबद्दल मतभेद आहेत. काहींचे म्हणणे डावी बाजू अर्धी कापून नवी घालावी. बॉयलरमेकरांचे आणि माझे म्हणणे झिजलेला भाग तेवढा वेल्डिंगने भरावा. तांबे उष्णता इतकी झपाट्याने पसरवते की आधी मोठा भाग तापवून धरल्याशिवाय वेल्ड पकडतच नाही, आणि हे करणारे कुशल हात आता देशात थोडे आहेत. तरीही १९४५ चे शाबूत तांबे केवळ सोयीसाठी भंगारात घालणे मला मान्य नाही. निरीक्षकांनी आकडे पाहून भरण्याला संमती दिली, त्यामुळे प्रश्न मिटला.

२ डिसेंबर २०२३, शनिवार

काम थोडे, चर्चा जास्त. वेल्समधल्या मर्थर टिडफिलजवळची फोस-इ-व्रान ही उघडी कोळसा खाण परवा, ३० नोव्हेंबरला, बंद झाली. जुन्या इंजिनांना लागणारा, कमी धुराचा आणि मोठ्या ढेपांचा वेल्श कोळसा तिथून येत असे. आता परदेशी कोळसा किंवा कोळशाच्या भुकटीचे दाबून केलेले गोळे, हेच पर्याय आहेत. खाणीत राबण्यात ज्याची उमर गेली त्या इंजिनासाठी कोळसा समुद्रापलीकडून आणावा लागणार, यावर चहाच्या वेळी कोणी फारसे बोलले नाही.

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार

चाके चासीखालून काढली. सिलिंडर आत असल्यामुळे या इंजिनाचा मधला आस सरळ नसून त्याला दोन ठिकाणी कोपरासारखे बाक आहेत, आणि भेग जायची असेल तर त्या बाकाच्या आतल्या कोपऱ्यात जाते. आस घासून स्वच्छ केला, चुंबकीय केला आणि लोखंडाच्या कणांची शाई फवारली. भेग असेल तिथे कण रांगेने गोळा होतात. उजव्या बाकात बोटभर लांबीची काळी रेघ उमटली आणि शेड दहा मिनिटे शांत झाले. बारीक पॉलिश कागदाने दोनदा घासून पुन्हा तपासले तेव्हा रेघ गेली. लेथच्या हत्याराचा जुना ओरखडा होता. नवा आस परवडला नसता, एवढेच लिहितो. आस ज्यांत फिरतो त्या ॲक्सलबॉक्सच्या बेअरिंगांत व्हाईट मेटल हा मऊ मिश्रधातू नव्याने ओतायला दिला.

२० एप्रिल २०२४, शनिवार

काल कामानिमित्त लँकेशायरमध्ये होतो, म्हणून वाट वाकडी करून न्यूटन-ले-विलोज गावी जाऊन आलो. आमच्या इंजिनाच्या बाजूला पितळी पाटी आहे, तिच्यावर इथल्याच व्हल्कन फाउंड्रीचे नाव आहे. १८३० मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याच्या जागी आता घरे आहेत.

मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी सुटली, ती ओढणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या तिन्ही इंजिनांचा जन्म याच कारखान्यातला. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोरघाटासाठी मागवलेल्या, आपल्याकडे ‘खेकडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विजेच्या इंजिनांपैकी बरीचशीही इथेच बांधली गेली. पहिल्या तीन इंजिनांपैकी एकही आज उरलेले नाही. शेडमध्ये कोणाला हे ठाऊक नव्हते. आज चहाच्या वेळी सांगितल्यावर बॉयलरमेकरांनी विचारलेला पहिला प्रश्न त्यांचा दाब किती होता हा होता.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

पाण्याच्या दाबाची चाचणी. सर्व स्टे बसले, बदललेल्यांची एकूण संख्या ११४. नव्या नळ्या रोलरने फुगवून दोन्ही टोकांना बसवल्या. तांब्याचा पट्टा भरून झाला.

बॉयलर काठोकाठ पाण्याने भरला आणि वरच्या झडपेतून हवेचा शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत थांबलो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून काही फुटले तर दाब तत्काळ उतरतो. आत हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी ताकद साठवते आणि फुटलेला तुकडा फेकते. मग हातपंपाने दाब कामाच्या दीडपट, म्हणजे २५५ पौंडांपर्यंत नेला. काटा २०० वर असताना धुण्याच्या दोन बुचांतून पाणी टपकू लागले, ती आवळली. २४० वर एका स्टेच्या डोक्याभोवती घामासारखा ओलावा आला.

नकाशावर पाहिले: डावी बाजू, ओळ बी, क्रमांक ९, १४ ऑक्टोबरला बसवलेला, आद्याक्षरे माझी. त्या दिवशी ठोकताना ठोकळा एकदा निसटला होता आणि मी तो ठोका मोजला नव्हता. दाब उतरवून डोके पुन्हा ठोकले, पुन्हा पंप मारला, जागा कोरडी राहिली. निरीक्षकांनी अर्धा तास काट्याकडे पाहिले आणि सही केली. नकाशात बी-९ समोर ‘दोनदा ठोकला’ असे लिहिले आहे.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

बॉयलर चासीवर परत बसला. टाकीच्या तळाला नवा पत्रा घातला असून, आवरणाच्या खालच्या कडेला पाणी निथळायला जागा ठेवली आहे.

१५ मार्च २०२५, शनिवार

वाफेची चाचणी. नव्या बॉयलरकामाला एकदम आग देत नाहीत. गुरुवारी लाकडांचा लहानसा विस्तव केला, शुक्रवारी तो थोडा वाढवला, बॉयलरला हात लावून सगळीकडे सारखा कोमट झाल्याची खात्री केली आणि आज पहाटे पाच वाजता कोळसा टाकला. साडेआठला काटा हलला. दहा वाजता १७० वर पहिली सुरक्षा झडप उघडली आणि शेडच्या छपराखालची कबुतरे एकदम बाहेर गेली.

त्यानंतरची परीक्षा जास्त महत्त्वाची असते. इंजिन उभे ठेवून, भट्टी पूर्ण भरून, हवा मोकळी सोडून जास्तीत जास्त वाफ करायची आणि दोन्ही झडपा मिळून ती बाहेर काढू शकतात की नाही ते पाहायचे. दाब ठरलेल्या मर्यादेच्या एक दशांशाहून जास्त वाढता कामा नये. आमचा काटा १७८ वर थांबला. वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या दोन्ही इंजेक्टरांनी पाणी उचलले, डाव्याने तिसऱ्या प्रयत्नात. भट्टीच्या छतातल्या लेड प्लगवर, म्हणजे पाणी कमी पडल्यास वितळणाऱ्या शिशाच्या बुचावर, तारीख ठोकलेली आहे.

बॉयलरमेकर भट्टीच्या दारातून बराच वेळ आत पाहत होते. काय पाहता असे विचारल्यावर त्यांनी काही थेंब पडतो का ते ऐकतो आहे असे सांगितले. झडपांच्या त्या गोंगाटात त्यांना खरेच ऐकू येत असावे, कारण त्यांनी मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका नळीचे तोंड दाखवले आणि तिथे खरोखर पाणी सुटत होते. थंड झाल्यावर ती पुन्हा रोल करायची आहे.

५ एप्रिल २०२५, शनिवार

नळी रोल केली, कोरडी आहे. इंजिन आज सहा रिकामे डबे घेऊन लाइनीच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आले. मागच्या उजव्या बेअरिंगला हात लावून धरता येत होता, म्हणजे ते तापले नव्हते. डावा इंजेक्टर अजून पहिल्या झटक्यात पाणी उचलत नाही, त्याचे शंकू काढून पाहायचे आहेत.

स्टेंचा नकाशा तीन प्रतींत केला: एक शेडमध्ये, एक कार्यालयात, एक माझ्याकडे. उजव्या बाजूच्या ए-४, ए-५ आणि सी-११ या तीन स्टेंचा आवाज एप्रिल २०२३ मध्ये किंचित बद्द वाटला होता. पुन्हा दोनदा वाजवल्यावर तो चालण्याजोगा ठरला आणि ते बदलले नाहीत.  २०३५ मध्ये बॉयलर पुन्हा उतरेल तेव्हा हातोडी आधी तिथे लावावी.